रंगाचा डबा आणि बारा एमएमची पटाशी

गेल्या रविवारी आमच्या भाऊजींनी माझ्या लाकूड कोरायच्या बारा एमएमच्या गोल पटाशीनं ऑईलपेंटचा डबा उघडला.

नुसता उघडला असता तर एक वेळ चाललं असतं. रंग ढवळलाही तिनंच. खिडकीचे गज रंगवायचं त्यांच्या मनात दिवाळीपासून होतं, आणि मुहूर्त लागला तो नेमका मी मंडईत गेल्यावर. परत आले तर पटाशी ओट्यावर, खालच्या वर्तमानपत्राला चिकटलेली. भाऊजी खूश. "वहिनी, तुमचा तो स्क्रूड्रायव्हर लई भारी आहे बघा. एका झटक्यात झाकण उडालं."

सासूबाई समोरच बसल्या होत्या, म्हणून मी काही बोलले नाही. नवऱ्यानं पेपर जरा वर धरला. एवढंच.

टर्पेंटाईननं रंग पुसला आणि पटाशी खिडकीत उजेडाला धरली. चांगली धार दिसत नसते. ऐकायला विचित्र वाटेल, पण तसंच आहे. आतली बाजू आणि बाहेरची बाजू जिथं भेटतात ती रेघ म्हणजे धार. ती खरोखर बारीक असली, तर उजेड परतवायला तिच्यावर जागाच नसते, नुसती काळी कड दिसते. बोथट झाली की रेघेला रुंदी येते आणि ती रुंदी पांढरी चमकते. माझ्या पटाशीवर मधे तीन पांढरे ठिपके होते, आणि डाव्या कोपऱ्याचा तांदळाच्या कणीएवढा तुकडाच उडाला होता. झाकणाच्या खाचेत घालून पिळलं की कोपराच जाणार, दुसरं काय.

माझी नोकरी मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात, हिशेबाची. हळदीच्या पोत्यांचे आकडे दिवसभर मांडायचे. संध्याकाळी मी साचे कोरते. पाडव्याला गुढीला घालतो त्या साखरेच्या गाठ्यांचे साचे, मोदकाचे साचे, कधी कुणी सांगितलं तर देव्हाऱ्याची महिरप. गाठीचा साचा म्हणजे सागवानाच्या दोन फळ्या. दोन्हींवर एकमेकींच्या समोर अर्धं अर्धं पदक उलटं कोरायचं. मधे दोरा ठेवून फळ्या घट्ट बांधतात आणि वरच्या भोकातून पाक ओततात. गार झाल्यावर फळ्या सोडवल्या की माळ बाहेर.

आता त्या पदकात एक फूल असतं, फुलाला आठ पाकळ्या, आणि प्रत्येक पाकळी हरभऱ्याच्या डाळीएवढी खोल. तिथं पॉलिश पेपर चालत नाही. बोटच जात नाही, पेपर कुठून जाणार? आणि घातलाच, तर त्याचे कण लाकडाच्या छिद्रांत बसतात आणि उद्या साखरेत येतात. म्हणजे पटाशीनं जसं कापलं तसंच राहणार. धार खरखरीत असेल तर पाकळी खरखरीत, मग साखर त्यात अडकते आणि साचा उघडताना गाठीचा अर्धा भाग फळीलाच राहतो. गाठ्या बनवणारे भले लोक आहेत, पण हंगामात भट्टीसमोर उभं असताना साचा चिकटला, तर ते मला काय म्हणतात ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्यात लाकूड सागवान. पाण्याला टिकतं, वाकत नाही, म्हणून साच्याला तेच लागतं, कारण साचे वापरायच्या आधी पाण्यात भिजत घालतात. पण सागवानात वाळूचा अंश असतो, सिलिका. झाड जमिनीतून ती ओढून घेतं आणि लाकडात साठवतं. कोरताना कळत नाही, पण पंधरावीस मिनिटांत धार थकते. शिवणीच्या मऊ लाकडावर तीच पटाशी दुपारभर चालते. म्हणून माझ्या टेबलावर कोरायच्या हत्यारांपेक्षा धार लावायचं सामानच जास्त आहे.

हे सगळं मला मिरजेच्या चाचांनी शिकवलं. मुलगी गाणं शिकते. तिच्या तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांखालच्या घोडीचं घासून जुळवलेलं वळण, उतरली म्हणून आम्ही सतारमेकर गल्लीत गेलो होतो. जवारी काढायला वेळ लागतो. घोडीचा तो पसरट माथा कानशीनं इतका हळूहळू उतरवतात की बघणाऱ्याला वाटावं माणूस नुसता हात फिरवतोय. मी बसून बसून कंटाळले आणि शेजारच्या दुकानात डोकावले. तिथं एक सत्तरीचे गृहस्थ तंबोऱ्याच्या गळ्यावरची लाकडी पानं कोरत होते. तुणीच्या लाकडाचं पान, मधली शीर उचललेली, कडा पातळ. समोर पंचवीसेक पटाश्या मांडलेल्या. दर थोड्या वेळानं ते हातातली पटाशी चामड्यावर दोनदा ओढायचे आणि पुन्हा पानाला लावायचे. बोलणं चालू, हात चालू, ओढणं चालू. मी विचारलं, "चाचा, इतक्या वेळा धार लावता?" ते म्हणाले, "धार कुठं लावतोय ताई? आहे ती जाऊ देत नाही."

मिरजेच्या सतारींची गोष्ट तिथंच ऐकली. नंतर वाचलीही. हे सतारमेकर मुळात शिकलगार. तलवारी, जंबिये यांना पाणी द्यायचं, धार लावायची, हा पिढीजात धंदा. इंग्रजी अंमल बसला, संस्थानांची हत्यारं भिंतीवर टांगली गेली, आणि शिकलगारांच्या हाताला काम उरलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्यांच्यातले फरीदसाहेब तंतुवाद्यं दुरुस्त करता करता स्वतः बनवायला लागले. पुढं अख्खी गल्ली त्यावर उभी राहिली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून भोपळे यायचे आणि देशभर सतारी जायच्या. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेपरात सुराबद्दल, लाकडाबद्दल, भोपळ्याबद्दल पुष्कळ आलं. शिकलगारांच्या धारेबद्दल एक ओळ नव्हती. मला ते खटकलं. चाचांना काही खटकलं नाही.

तर बारा एमएमची पटाशी. कणीएवढा कोपरा गेला म्हणजे सगळी धार तेवढी मागं न्यायची, दीड मिलिमीटर तरी. सरळ उपाय ग्राईंडर. भाऊजींनीही तोच सुचवला. "माझ्या ओळखीचा आहे वर्कशॉपवाला, पाच मिनिटांत करून देतो." मी इतक्या जोरात नाही म्हणाले की सासूबाईंनी मान वर केली.

ग्राईंडरचा माझा अनुभव २०१९ चा. त्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी सत्तावन फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी पंचेचाळीस. सांगलीत म्हणावा असा पाऊसही नव्हता. पाऊस वर सातारा जिल्ह्यात, महाबळेश्वर-कोयनेच्या डोंगरात, आणि पाणी आमच्या गावभागात. आम्ही नेसत्या कपड्यांनिशी विश्रामबागेत नणंदेकडे गेलो. मुलीचा तंबोरा मी पोटाशी धरून नेला. हत्यारांची पत्र्याची ट्रंक खालीच कॉटखाली राहिली. पत्र्याची आहे, पाणी कशाला शिरतंय, असं मनाला सांगितलं. नऊ दिवसांनी परत आलो तेव्हा ट्रंक उघडायला नवऱ्याला पहार लागली. आत गाळ काठोकाठ, आणि गाळात माझ्या एकोणीस पटाश्या, जशा भिजत घातलेल्या.

गंज दोन तऱ्हेचा असतो. एक वरचा, लाल, पुसून जाणारा. चिंचेच्या कोळात रात्रभर ठेवल्या आणि सकाळी तारेच्या घासणीनं घासल्या, की तो निघाला. लगेच सोड्याच्या पाण्यातून काढायच्या आणि कोरड्या करून तेल लावायचं, नाहीतर दुपारपर्यंत परत लाल. दुसरा गंज खातो. पोलादात टाचणीच्या टोकाएवढे काळे खड्डे पडतात. तो खड्डा मागं, दांड्याकडं असेल, तर नुसता दिसायला वाईट. पण आतल्या बाजूला, धारेजवळ असेल, तर पटाशी गेलीच समजा. धार दोन बाजूंची मिळून होते ना! बाहेरून कितीही घासा, घासत घासत तुम्ही त्या खड्ड्यापर्यंत पोचलात की तिथं एक बाजूच नाही. धारेला खांड पडली. एकोणिसांतल्या पाच अशा गेल्या.

उरलेल्या चौदा एकदम करून घ्याव्यात म्हणून मी एका ग्राईंडरवाल्याकडे दिल्या. पूर नुकताच ओसरलेला, त्याच्याकडंही चिखलच. त्यानं घाईनं, पाण्यात न बुडवता, ठिणग्या उडवत सगळ्या घासल्या. दिसायला झकास, आरशासारख्या. फक्त सहा पटाश्यांच्या टोकाला एक सुंदर निळी झाक होती, मोराच्या मानेसारखी. मला ती आवडली. शपथेवर सांगते, मी ती मुलीला कौतुकानं दाखवली.

चाचांनी बघितलं आणि नुसता जिभेनं आवाज काढला. "पाणी उतरलं यांचं."

पोलादाला पाणी देतात म्हणजे ते लाल तापवून झटक्यात गार करतात. त्यानं ते काचेसारखं कडक होतं आणि काचेसारखंच ठिसूळ. मग ठिसूळपणा जावा म्हणून पुन्हा हलकंसं तापवायचं. त्या दुसऱ्या वेळी घासलेल्या पोलादावर रंग चढत जातात. आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, तो सव्वादोनशे अंशांच्या आसपास. मग तपकिरी, जांभळा, आणि तीनशेच्या सुमाराला निळा. कोरायच्या हत्याराला पिवळ्यावर थांबायचं असतं. निळा स्प्रिंगला ठीक, ती लवायला हवी. माझ्या सहा पटाश्यांची टोकं त्या दगडावर तीनशेपर्यंत तापली होती आणि आता ती स्प्रिंगसारखी मऊ होती. धार लागायची, पण सागवानावर चार घाव घातले की दुमडायची.

दोन तर चाचांनी सरळ दगडावर निळा भाग संपेपर्यंत घासून काढल्या. बाकीच्या चार घेऊन आम्ही त्यांच्या माहितीच्या लोहाराकडं गेलो. त्याच्या भट्टीशेजारी फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधलेलं होतं. पटाशी तापवायची, चुंबकाला लावायची. चिकटली की परत भट्टीत. एका क्षणी ती चिकटायची बंद होते. सातशे सत्तर अंशांच्या आसपास लोखंड चुंबकाला ओळख देत नाही. त्याहून किंचित जास्त ऊब द्यायची आणि तेलात. त्याला यातला एकही आकडा माहीत नव्हता, चुंबक माहीत होतं. घरी येऊन टोकं घासून चकचकीत केली, गॅसवर तवा ठेवला आणि तव्यावर पटाश्यांची टोकं. गवती पिवळा रंग चढला की उचलून पाण्यात. पोळी करपण्याआधी उचलता येते तिला हे जमतं.

म्हणून ग्राईंडर नाही. हातानंच. उशीर झाला तर झाला.

पहिली पायरी मनाला लागते. पटाशी दगडावर काटकोनात उभी धरायची आणि उरलीसुरली धारही मारून टाकायची. खांडा, गेलेला कोपरा, सगळं एका सरळ रेषेत येईपर्यंत. पहिल्यांदा चाचांनी माझ्यासमोर हे केलं तेव्हा माझ्या तोंडून "अगं बाई" निघालं होतं. पण त्यानं टोकावर एक पांढरी पट्टी तयार होते, सगळीकडं सारखी जाड, आणि पुढचं सगळं काम ती पट्टी सांगते. बाहेरचा ढाळ, म्हणजे धारेकडं उतरत जाणारी बाजू, घासत जायचं आणि पट्टीकडे बघत राहायचं. जिथं पट्टी जाड, तिथं जास्त घासायचं. जिथं बारीक झाली, तिथं हात उचलायचा. पट्टी केसाएवढी झाली की जड हात बंद. आणि ती सगळीकडून एकदम नाहीशी झाली, की धार आली.

नवशिके चुकतात ते कोपऱ्यांवर. गोल पटाशी दगडावर घासताना मनगट एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत लोळवावं लागतं. जरा जास्त लोळवलं की कोपरे गोल होतात आणि पटाशीचं नख होतं. कमी लोळवलं की मधला भाग खाल्ला जातो आणि दोन्ही कोपरे शिंगासारखे पुढं राहतात. माझी पहिल्या वर्षाची सगळी हत्यारं नखं होती. यावर उपाय सोपा आहे. मुलीच्या दप्तरातलं काळं मार्कर घ्यायचं आणि ढाळ पूर्ण रंगवायचा. चार हात मारले की दगड कुठं लागतोय आणि कुठं नाही ते काळ्यावरून कळतं. आपल्या मनगटाला वाटतं ते आणि दगडाला लागतं ते, यांत बराच फरक असतो.

ढाळ किती ठेवायचा यावर चाचांचं माप असं, की पोलादाची जाडी धरायची आणि तिच्या अडीचपट ढाळाची लांबी. कोनमापकानं मोजलं तर तो साधारण चोवीस अंश येतो. शिवणीसारख्या मऊ लाकडाला तीनपट चालते, पटाशी लोण्यासारखी जाते. सागवानाला तीनपट ठेवली की धार चुरगळते. मी हट्टानं दोन साचे तसे करून बघितले आणि मग अडीचवर आले.

दगडाबद्दल फार लिहीत नाही. दोन बाजूंचा साधा ऑईल स्टोन, एक बाजू जाड, एक बारीक. तेल मात्र नीट. सुरुवातीला मी घरात होतं म्हणून शेंगतेल वापरलं. सांगलीत त्याला काय तोटा? महिन्याभरात दगडाला फोडणीच्या कढईसारखी चिकट कीट चढली आणि तो घासेचना, पटाशी नुसती घसरायची. रॉकेल आणि सोडा घालून दोन दिवस खरवडला. आता शिवणयंत्राचं तेल, त्यात थोडं रॉकेल. आणि गोल पटाश्यांनी दगडाला मधे खळगा पडतोच. तो पडला की अंगणातल्या शहाबादी फरशीवर वाळू-पाणी टाकून दगडच घासायचा, सपाट होईपर्यंत. शेजारच्या काकू विचारतात, "आज दगडाला धार लावताय का?"

रविवारी जाड बाजूवर चाळीस मिनिटं गेली, बारीक बाजूवर वीस. मग आली तार.

तार म्हणजे काय ते बोटानंच कळतं. बाहेरून घासत घासत धार संपते तिथं पोलादाचा एक कागदासारखा पापुद्रा आत वळतो. अंगठा आतल्या बाजूनं धारेकडं, बाहेरच्या दिशेला ओढला (धारेवर आडवा कधीच नाही) की तो नखाला अडकतो. तार सगळ्या रुंदीत लागली म्हणजे दगडाचं काम झालं. एक टिचभर जागा गुळगुळीत लागली तरी तिथं अजून पोचलो नाही असं समजायचं. आणि बहुतेक लोक इथंच फसतात. तार म्हणजेच धार असं वाटून ते कामाला बसतात. पहिला घाव झकास जातो. दुसऱ्या घावाला तार मोडते आणि तिच्या जागी करवतीसारखी फाटकी कड राहते.

तार काढायची आतून. आतली बाजू कुणी बघत नाही, खरी मेख तिथंच आहे. तिच्यासाठी खास गोल कडेचे छोटे दगड मिळतात, पण माझ्याकडं आहे मोडक्या लाटण्याची मूठ. तिला हजार नंबरचा वॉटर पेपर गुंडाळायचा, तेलाचा थेंब टाकायचा आणि आतून अगदी चपटं धरून फिरवायचं. मूठ पटाशीच्या वळणापेक्षा थोडी बारीकच हवी. जाड असली तर फक्त दोन कोपऱ्यांवर टेकते. छोट्या पटाशीला पेन्सिल, त्याहून छोटीला विणायची सुई. मग पुन्हा बाहेरून चार हात, आतून चार. तार इकडून तिकडे, तिकडून इकडे वळत राहते आणि पातळ होत होत एकदा गळून पडते. तेलात ती दिसते, केसासारखी, चांदीची. मला अजून ती दिसली की आनंद होतो. त्यात काय एवढं, असं नवरा म्हणतो.

शेवटी चामडं. माझं चामडं म्हणजे सासऱ्यांच्या कोल्हापुरी चपलेचा तळ. झाडाच्या साली-हिरड्यानं कमावलेलं कातडं, कडक, न दबणारं. मऊ चामड्यात धार रुतते आणि पुढची कड गोल होते. तो तळ सपाट करून फळीवर चिकटवलाय आणि त्यावर स्टीलची भांडी चमकवणारे वापरतात तो हिरवा बफिंग साबण घासलाय. त्यातलं हिरवं म्हणजे क्रोमियम ऑक्साईड, कण अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. पटाशी नेहमी आपल्याकडं ओढायची, पुढं कधीच ढकलायची नाही. शेवटाला उचलताना टोक वर करायचं नाही, तिथंच सगळी मेहनत वाया जाते. आतल्या बाजूसाठी चाचांची युक्ती मला फार आवडते. शिवणीच्या तुकड्यावर त्याच पटाशीनं एक लांब पन्हळ कोरायची, पन्हळीशेजारी तिच्या आतल्या वळणाची उभार कड सोडायची, आणि दोन्हींवर साबण घासायचा. प्रत्येक पटाशीचं स्वतःचं माप, तिनंच काढलेलं. माझ्याकडं असा एक ठोकळा आहे, चौदा पन्हळींचा. पाहुण्यांना ते वाद्य वाटतं.

व्ही आकाराच्या पटाशीबद्दल विचारू नका. म्हणजे विचारा, पण धीर धरून. ती एक नाही, तीन हत्यारं आहेत. दोन सरळ पटाश्या आणि त्यांना जोडणारी तळाची एक अगदी बारीक गोल पटाशी. लोक दोन्ही गाल छान घासतात आणि तळाला चोच उरते, पोपटासारखी, पुढं आलेली. दोन भिंती भेटतात तिथं पोलाद जाड असतं, ते मागं राहतं. मग ती चोच लाकडात आधी शिरते आणि रेघ फाटत जाते. ती काढायची तर तळ लोळवून लोळवून घासायचा, जणू दोन मिलिमीटरची गोल पटाशी आहे असं समजून. आणि एखादा हात जास्त झाला की चोचीच्या जागी खाच. मग परत उभी धरा, परत मारून टाका, परत पहिल्यापासून. मला माझी पहिली व्ही जमायला पाच रविवार लागले. चाचा म्हणाले, "जवारीसारखंच आहे ताई. वळण चुकलं की सूर गेला."

रविवारी दुपारी तीनला पटाशी झाली. खोक्याच्या पाईनचा तुकडा घेतला आणि रेषांना आडवा घाव घातला. मुद्दाम मऊ लाकूड. सागवान घट्ट असतं, बोथट धारही त्यावर निभावून जाते. मऊ लाकूड खोटं चालू देत नाही, बोथट हत्यारानं त्याच्या शिरा चेंगरून फाटतात. घावाची पन्हळ तुपानं पुसल्यासारखी चमकली. पण डाव्या बाजूला एक बारीक पांढरी रेघ होती, घावाच्या लांबीभर. म्हणजे कोपऱ्याशी एक खांड अजून शिल्लक, डोळ्याला न दिसणारी. परत बारीक दगड, परत लाटण्याची मूठ, परत चप्पल. साडेतीन.

एरवी एवढं कधी करावं लागत नाही. कोरता कोरता दर पंधरा मिनिटांनी चामड्यावर दहा ओढी, आणि आठवड्यातून एकदा बारीक दगड. दगड रोज लागायला लागला तर समजायचं की चामड्याचा आळस केलाय. नव्या पटाश्या मात्र वेगळंच प्रकरण. दुकानातून येतात तेव्हा बहुतेकींना धार नसतेच, नुसता आकार असतो. बारांचा संच स्वस्तात मिळाला म्हणून मी एकदा मागवला, तर त्याचं पोलाद इतकं मऊ की कानस चराचर चढत होती. कानस घसरली पाहिजे, चढता कामा नये. घेताना दुकानदाराची परवानगी काढून दांड्याजवळ कानशीचा एक हात मारून बघा. तो तोंड वाकडं करतो, करू दे.

आता सगळ्या पटाश्या जुन्या गोधडीच्या गुंडाळीत असतात, प्रत्येकीला शिवलेला वेगळा खण, धारेला धार लागणार नाही अशी. चामड्याच्या पिशवीत ठेवायच्या नाहीत, कमावलेल्या कातड्यातले क्षार दमट हवेत पोलादाला खातात. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत दर पंधरा दिवसांनी तेलाचं बोट. आणि गुंडाळी वर माळ्यावर. २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा ती तिथंच होती, आणि मी नणंदेकडं निवांत झोपले.

सोमवारी कामावरून येताना मारुती रोडवरून एक भक्कम स्क्रूड्रायव्हर आणला आणि खिडकीच्या नव्या हिरव्या गजाला लाल दोरीनं टांगला. भाऊजींनी तो बघितला. काही म्हणाले नाहीत, पण रात्री जेवताना भाजी दोनदा मागून घेतली, तेव्हा मिटलं असं मी धरलं.

सासूबाईंचं मात्र लक्ष होतं. मंगळवारी त्यांनी अडकित्ता माझ्यासमोर ठेवला. पितळी दांड्यांचा, त्यांच्या माहेरचा. "दिवसभर त्या चपलेवर घासत असतेस, हा पण ओढ की जरा. सुपारीचा नुसता भुगा होतोय." मी पातं उजेडाला धरलं. टोकापासून मुळापर्यंत पांढरं. दगडावर वीस मिनिटं, फक्त बाहेरच्या अंगानं, मग चप्पल. त्यांनी चिकणी सुपारी घातली आणि दाबली. कच्च. दोन तुकडे ताटलीत पडले, भुगा नाही. त्यांनी एक तुकडा उचलून कापलेल्या बाजूवरनं बोट फिरवलं, आतली तपकिरी-पांढरी नक्षी बघितली, आणि तो तोंडात न टाकता तसाच ताटलीत ठेवला.

"विळी कधी करतेस?" म्हणाल्या.